अलाइनमेंट की मॉड: जुन्या एफएम ट्यूनरला नेमकं काय हवंय?

'फिल्टर बदलले आणि ट्यूनरचा आवाज एकदम मोकळा झाला' असं कुणी सांगितलं, तर पुढचा प्रश्न हा विचारावा: फिल्टर (हवं ते स्टेशन वेगळं काढणारा भाग) बदलल्यावर डिटेक्टर (सिग्नलमधून आवाज काढणारा भाग) पुन्हा जुळवला का? उत्तर बहुधा 'हो' असतं, कारण जुळवावाच लागतो. मग सुधारणेत नव्या फिल्टरचा वाटा किती आणि चाळीस-पन्नास वर्षांत सरकलेली जुळवणी जागेवर आल्याचा किती, हे सांगणं अवघड होतं. श्रेय मात्र पार्टला मिळतं.

अलाइनमेंट म्हणजे ट्यूनर कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तिथे त्याला परत नेणं. कॉइलचे कोअर (आतले स्क्रूसारखे गाभे), ट्रिमर आणि प्रीसेट (फिरवून जुळवायचे छोटे कपॅसिटर आणि रेझिस्टर) फिरवायचे, पार्ट बदलायचे नाहीत. मॉड म्हणजे मूळ डिझाइनच बदलणं: वेगळ्या रुंदीचे फिल्टर, वेगळी डी-एम्फसिस (प्रक्षेपणात मुद्दाम वाढवलेले वरचे सूर परत खाली आणणारी जोडणी), वेगळा ऑपअँप (आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप). वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून त्याच व्हॅल्यूचा नवा बसवणं ही नुसती दुरुस्ती, आणि ती या दोन्हींच्या आधी व्हायला हवी.

दोन्ही प्रकारच्या तक्रारी कानाला सारख्याच वाटतात, म्हणून आधी नीट ऐकायचं. ट्यूनिंग मीटरचा काटा बरोबर मध्यावर असताना आवाज फाटतो आणि डायल किंचित सरकवली की साफ होतो? डिटेक्टर सरकलाय, अलाइनमेंट हवी. स्टीरिओचा दिवा लुकलुकतो किंवा ट्यूनर तापल्यावरच लागतो? डीकोडरचा (डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या भागाचा) ऑसिलेटर बहुतेक ७६ किलोहर्ट्‌झवरून हललाय, हीसुद्धा अलाइनमेंटच. सगळ्या स्टेशनांवर, मोनोमध्येही, वरचे सूर दबलेले असतील तर डी-एम्फसिस तपासा. शेजारचं दणकट स्टेशन घुसत असेल तरच फिल्टरचा विचार करा. आणि एकाच स्टेशनवर आवाज फाटतो, अँटेना फिरवली की कमी-जास्त होतो, तर ते मल्टिपाथ आहे, म्हणजे आजूबाजूला आपटून आलेला तोच सिग्नल मूळ सिग्नलात मिसळतोय. मॅरँट्झ १०बी या ट्यूनरमध्ये छोटा ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार दाखवणारा पडदा) बसवला होता तो हेही दिसावं म्हणून. इथे ट्यूनर उघडण्यात अर्थ नाही, अँटेना बदला.

डिटेक्टरची जुळवणी

आवाजाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. सीए३०८९ किंवा एचए११३७ हा डिटेक्टरचा आयसी असलेला ट्यूनर घेऊ. अर्धा तास तापू द्या आणि एएफसी (ट्यूनिंग आपोआप स्टेशनवर धरून ठेवणारी सोय) बंद करा, नाहीतर तीच ट्यूनिंग ओढत राहते. ७ आणि १० नंबरच्या पिनांमध्ये डिजिटल मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. सिग्नल जनरेटरचा (चाचणीचा एफएम सिग्नल देणाऱ्या उपकरणाचा) सिग्नल इतका कमी ठेवा की सिग्नल मीटर अर्ध्यावरच राहील. मग डायल फिरवून मीटर सर्वांत वर न्या. हा फिल्टरचा मध्य. आता डायलला हात न लावता क्वाड्रेचर कॉइलचा (डिटेक्टरच्या कॉइलचा) कोअर फिरवून मल्टिमीटरवर शून्य आणा. सिग्नल जोरदार ठेवलात तर मीटर आधीच वर टेकतो आणि मध्य सापडतच नाही.

कॉइलमध्ये एकच कोअर असेल तर काम इथे संपलं. दोन असतील तर एक शून्यासाठी आणि दुसरा डिस्टॉर्शनसाठी असतो. १ किलोहर्ट्‌झचा मोनो टोन ७५ किलोहर्ट्‌झ डेव्हिएशनवर (आवाजाबरोबर फ्रीक्वेन्सी मध्यापासून जेवढी हलते ते अंतर) द्या, आउटपुट साउंड कार्डमार्गे स्पेक्ट्रमवर बघा, आणि २ किलोहर्ट्‌झवरचा सुळका (तेच डिस्टॉर्शन) सर्वांत खाली येईपर्यंत दुसरा कोअर अगदी थोडा-थोडा फिरवा. एक हलवला की दुसरा बिघडतो, त्यामुळे तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात. स्क्रू ड्रायव्हर प्लॅस्टिकचाच हवा: लोखंडाचं टोक कॉइलचं इंडक्टन्स बदलतं आणि ते बाहेर काढलं की आणलेलं शून्य निघून जातं. अडकलेल्या कोअरवर जोर लावू नका, फेराइट तडकतं. आधी हेअर ड्रायरने मेण सैल करा.

जनरेटर नसेल तर स्टेशन नसलेल्या जागी, म्यूटिंग (स्टेशनांमधली खरखर दाबणारी सोय) बंद करून, नुसत्या खरखरीवर शून्य आणता येतं. पण डिस्टॉर्शनचा कोअर आणि सेपरेशनचा (डाव्या-उजव्या आवाजाच्या वेगळेपणाचा) प्रीसेट अंदाजाने फिरवू नयेत.

फिल्टर

१०.७ मेगाहर्ट्‌झचे (ट्यूनर प्रत्येक स्टेशन आधी याच फ्रीक्वेन्सीवर आणतो) तीन पायांचे सिरॅमिक फिल्टर २८०, २३०, १८०, १५० आणि ११० किलोहर्ट्‌झ रुंदीत येतात. स्टीरिओ सिग्नलला किती रुंदी लागते? ७५ किलोहर्ट्‌झ डेव्हिएशन अधिक मल्टिप्लेक्सचे (स्टीरिओच्या एकत्र सिग्नलचे) ५३, त्याची दुप्पट: २५६. म्हणजे १५० किलोहर्ट्‌झचे चार फिल्टर लावल्यावर सिग्नलच्या कडा छाटल्या जाणार, सेपरेशन घटणार आणि डिस्टॉर्शन वाढणार. 'अरुंद म्हणजे चांगला' हा समज लांबची स्टेशनं पकडणाऱ्यांपुरता खरा. जवळच्या चांगल्या स्टेशनचं संगीत ऐकायचं तर २८० किंवा २३० ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅकिंटॉश एमआर७८ या ट्यूनरने तीन रुंदींचा स्विच दिला तो याचसाठी.

फिल्टरवरचा रंगीत ठिपका मध्य सांगतो. मुराटा कंपनीच्या जुन्या मालिकेत लाल म्हणजे १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३, काळा १०.६४ आणि पांढरा १०.७६ मेगाहर्ट्‌झ. सगळे एकाच रंगाचे घ्या. डायलच्या ट्यूनरमध्ये निळे काढून लाल लावले तर डायल थोडी सरकते आणि डिटेक्टर नव्या मध्यावर आणावा लागतो, एवढंच. सिंथेसायझर (आकड्यांनी स्टेशन लावणाऱ्या) ट्यूनरमध्ये मात्र ऑसिलेटर ठरलेल्या पायऱ्यांवरच थांबतो. १०.७० धरून बांधलेल्या सेटमध्ये निळे लावले तर प्रत्येक स्टेशन ३० किलोहर्ट्‌झने तिरकं बसतं, आणि कुठलीच कॉइल फिरवून ते पुरतं सुधारत नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना ३३० ओहमचा रोध दिसायला हवा. नुसता एक जादा फिल्टर ओळीत जोडला तर सिग्नल घटतो आणि हे मॅचिंग चुकलं तर पासबँड (फिल्टर जाऊ देतो तो पट्टा) खडबडीत होतो.

डी-एम्फसिस

उत्तर अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, युरोपात ५०. अमेरिकेसाठी बनलेला सेट ५०च्या प्रक्षेपणावर लावला तर १० किलोहर्ट्‌झला सुमारे ३.३ डेसिबल कमी मिळतात. ट्यूनर 'म्हातारा' वाटायचं कारण कित्येकदा एवढंच असतं. काही सेटना मागे किंवा खाली यासाठी स्विच असतो, तो आधी शोधा. नसेल तर डीकोडरनंतरचा कपॅसिटर दोन तृतीयांश करा: ५ किलोओहमबरोबर ०.०१५ मायक्रोफॅरड असेल तर ०.०१. दोन्ही चॅनलचे फिल्म कपॅसिटर मोजून जुळते घ्या.

ऑपअँप सगळ्यात शेवटी. ४५५८ या ऑपअँपच्या जागी वेगवान जात बसवताना सप्लायच्या पिनांना खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर ऑपअँप ऑसिलेट होतो (स्वतःच सिग्नल काढू लागतो), गरम लागतो आणि आवाज कर्कश होतो. डीकोडरच्या ऑसिलेटरपाशी पॉलिस्टायरीन कपॅसिटर दिसला तर तो जुना आहे म्हणून काढू नका. तिथे साधा सिरॅमिक आला की तापमानाबरोबर ऑसिलेटर सरकतो, आणि सकाळी लागलेला स्टीरिओचा दिवा दुपारी विझतो.