रस्ता व डांबरीकरण मजुरी, गोव्यातील

खडीचे थर पसरून दाबणे, त्यांवर डांबरमिश्रित खडीचा पृष्ठथर घालणे, कडेची गटारे, साईडपट्ट्या व पदपथ बांधणे आणि या सर्वांची डागडुजी करणे, अशी कामे हाताने किंवा यंत्राच्या जोडीने करणाऱ्या कामगारांचा व्यवसाय. गोव्यात तो हंगामी आहे. वर्षाला सरासरी सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो व त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे डांबराचे काम ऑक्टोबरअखेर सुरू होऊन मेअखेर थांबते. उत्तरेस पत्रादेवीपासून दक्षिणेस पोळेपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ (पूर्वीचा १७) आणि पणजी–फोंडा–मोले–अनमोड हा राष्ट्रीय महामार्ग ७४८ (पूर्वीचा ४अ) येथे यंत्रांचा भर असतो. गावातले रस्ते, वाड्यावरच्या पाणंदी व खड्डे यांचे काम आजही बव्हंशी हातांवर चालते.

संज्ञा : रस्त्यावरच्या बिटुमेनला व्यवहारात ‘डांबर’ म्हणतात. काटेकोर अर्थाने डांबर म्हणजे दगडी कोळशाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारे द्रव्य. बिटुमेन हा खनिज तेलाच्या शुद्धीकरणात मागे राहणारा अवशेष. दोन्ही काळी, चिकट व पाण्याला अटकाव करणारी असल्याने नाव एकच राहिले. शब्दाच्या मुळाविषयी एकमत नाही. मलय भाषेतील ‘दामार’ (राळ, मशाल) या शब्दाशी त्याचे नाते जोडतात. जहाजांच्या फळ्यांतील फटी बुजवण्यासाठी वापरायची राळ समुद्रमार्गे आली व तिच्याबरोबर नावही आले, अशी ती मांडणी. हिंदीत ‘डामर’ हा शब्द राळ व डांबर या दोहोंना चालतो, ही गोष्ट या मताला पोषक आहे. मकाराशेजारी बकार येणे मराठीला नवे नाही (ताम्र–तांबे, आम्र–आंबा); मात्र तेथे म व र यांचे जोडाक्षर आहे, ‘डामर’मध्ये ते नाही, म्हणून हे साम्य पूर्ण म्हणता येत नाही. शब्द मुळात देशी मानणारेही मत आहे. बंदरांतील वापर पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

कामाच्या जागेवरील इतर शब्दांत पोर्तुगीज वारसा स्पष्ट आहे. ‘मेस्त्री’ (मेस्त्र), ‘पगार’ (पागार, म्हणजे पैसे देणे) व ‘पिंप’ (पीपा) यांविषयी वाद नाही. ‘घमेले’ हा शब्द ‘गामेला’ (लाकडी परात) यावरून आला असे सामान्यतः मानतात. मूळ गकाराचा घकार का झाला हा प्रश्न उरतो. परंतु अर्थ इतका जुळतो की ही व्युत्पत्ती नाकारणे कठीण आहे. ‘मुकादम’ अरबीतून आला. फावड्याला कोकणीत ‘खोरें’ म्हणतात.

पूर्वपीठिका : जांभ्याची फरसबंदी गोव्यात जुनी आहे. गोवा वेल्हा येथील गोपकपट्टणाच्या अवशेषांतील ‘राजवीथी’ कदंबकालीन, म्हणजे पहिल्या जयकेशीच्या (अकरावे शतक) सुमारास ती राजधानी झाल्यानंतरची मानली जाते. केवळ चिऱ्यांच्या (जांभ्याच्या घडीव ठोकळ्यांच्या) घडणीवरून असा काळ ठरवताना सावधगिरी हवी, कारण तोच दगड, त्याच तऱ्हेने फोडलेला, पुढे पोर्तुगीज अमदानीतही वापरला गेला. पणजी व रायबंदर यांना जोडणारा, दलदलीवरून जाणारा सु. ३ किमी. लांबीचा जांभ्याचा सेतुमार्ग लिन्यारिसचा काउंट व्हाइसरॉय असताना १६३३–३४ मध्ये बांधला गेला व आजही वाहतुकीत आहे.

दगड : गोव्याच्या रस्त्याचे यशापयश निम्मे दगडावर ठरते. सड्यावरचा (उघड्या पठारावरचा) जांभा खाणीतून ओला निघतो तेव्हा मऊ असतो व हवेत कठीण होतो. सच्छिद्र असल्याने तो पाणी पितो : बांधकामाच्या चिऱ्याला भारतीय मानकानुसार १२ टक्क्यांपर्यंत जलशोषण चालते, तर डांबरी काँक्रीटच्या खडीला २ टक्क्यांपलीकडे नाही. म्हणून चिरा संरक्षक भिंत, गटार किंवा सोलिंग (तळाशी रचलेला दगडांचा थर) येथे वापरावा. पृष्ठथरात तो रोलरखाली भुगा होतो. पृष्ठथराला काळा दगड लागतो. ईशान्येकडील सह्याद्रीच्या बाजूस दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट आढळतो. काणकोणकडे ग्रॅनाइट व पट्टिताश्म (नाइस) आहेत. ग्रॅनाइटी खडीत सिलिकेचे प्रमाण अधिक असल्याने पाण्याच्या सान्निध्यात तिच्यावरून डांबर सुटते. याची चाचणी सोपी आहे : डांबर माखलेली खडी ४०° से. पाण्यात २४ तास ठेवायची. ५ टक्क्यांहून अधिक पृष्ठ उघडे पडले तर डांबरात चिकटपणा टिकवणारे रसायन घालावे लागते. चार महिने पाण्यात राहणाऱ्या रस्त्याच्या बाबतीत ही चाचणी टाळणे परवडत नाही.

पाया : पारंपरिक पद्धतीत पाण्याने दाबलेल्या खडीचे, दाबल्यावर ७५ मिमी. होणारे थर घालतात. अशा थराला दर १० चौ.मी. ला सु. ०·९१ ते १·०७ घ.मी. खडी लागते. खडी घमेल्यांनी टाकून पंज्याने (लांब दांड्याच्या दातेरी अवजाराने) सारखी करतात. ८ ते १० टनी रोलर कडेकडून मध्याकडे येतो, वळणावर मात्र आतल्या, खालच्या कडेकडून वर चढतो. खडी पायाखाली हलेनाशी झाली की बारीक चुरी थोडी थोडी, तीन-चार वेळा टाकायची. शेवटी पाणी मारून खराट्याने ती फटींत लोटायची. चुरी एकदम ओतली तर ती वरच अडकते, आत पोकळी राहते व पहिल्या पावसात थर बसतो. बंधनासाठी टाकायच्या मुरमाचा लवचिकता निर्देशांक (मातीचा चिकणपणा दाखवणारा अंक) ६ हून कमी हवा. जागेवरची ओळख अशी : ओला करून मुठीत दाबलेला मुरूम बोटांना चिखलासारखा चिकटला तर तो नाकारावा. तांबडा, चिकण जांभा-मुरूम सहज मिळतो म्हणून तोच वापरण्याची चूक वारंवार होते. खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल) जमिनीवरून जाणाऱ्या रस्त्यांखाली मऊ खारी माती असते. तेथे भराव वर्षानुवर्षे बसत राहतो आणि पृष्ठथर कितीही चांगला असला तरी लाटा उमटतात.

आडवा उतार दोरी व लाकडी फरम्याने तपासतात. ३·७५ मी. रुंदीच्या रस्त्याला २·५ टक्के उतार म्हणजे मध्य कडेपेक्षा सु. ४७ मिमी. उंच. हा उतार पायातच द्यायचा असतो. डांबराच्या थरात जाडी वाढवून तो देता येत नाही.

डांबरीकरण : प्रथम झाडणी. तारेच्या ब्रशने सुटी माती उकरून, खराट्याने झाडून, शेवटी दाबाच्या हवेने किंवा पोत्याने धूळ उडवतात. या कामाला अकुशल समजून ते नवख्यांकडे देतात; प्रत्यक्षात थर सोलून निघण्याची बहुतेक कारणे येथेच सापडतात. खडीच्या उघड्या पायावर मंद गतीच्या (पाणी सावकाश सोडणाऱ्या) इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, प्राइम कोट (पहिला लेप) चौ.मी. ला ०·७ ते १ किग्रॅ.; जुन्या डांबरी पृष्ठावर जलद गतीच्या इमल्शनचा टॅक कोट (नवा थर चिकटवणारा लेप) ०·२ ते ०·३ किग्रॅ. टॅक कोट फवारताना तपकिरी दिसतो व पाणी सुटल्यावर काळा होतो. तपकिरी असताना मिश्रण टाकल्यास पाणी आत कोंडते. काळा झाल्यावर फार वेळ उघडा ठेवला तर त्यावर धूळ बसते.

ग्रामीण रस्त्यावर २० मिमी. जाडीचा कारपेट (डांबर माखलेल्या खडीचा पातळ थर) रूढ आहे. त्याला दर १० चौ.मी. ला १३·२ मिमी. खडी ०·१८ घ.मी., ११·२ मिमी. खडी ०·०९ घ.मी. व डांबर १४·६ किग्रॅ. लागते, म्हणजे ३·७५ मी. रुंद, १०० मी. लांब तुकड्याला सु. १० घ.मी. खडी व सु. ५५० किग्रॅ. डांबर, सुमारे साडेतीन पिंपे. त्यावर सील कोट (फटी बुजवणारा शेवटचा लेप) आलाच. मोठ्या रस्त्यावर ३० ते ५० मिमी. डांबरी काँक्रीट पेव्हरने (मिश्रण पसरणाऱ्या यंत्राने) घालतात; ४० मिमी. थराला चौ.मी. ला सु. ९४ किग्रॅ. मिश्रण, म्हणून १० टनांचा टिप्पर ३·७५ मी. रुंदीत २८ मी. पुढे नेतो.

व्हीजी-३० (दाटपणावरून ठरवलेल्या) प्रतीच्या डांबराचे मिश्रण प्लांटवर १५०° ते १६५° से. ला तयार होते, किमान १४०° से. ला पसरावे व ९०° से. खाली जाण्याआधी रोलिंग संपावे. थर्मामीटर टिप्परमध्ये खुपसून पाहणे हाच खरा उपाय, तरी अनुभवी कामगार खुणांवरून ओळखतात : निळसर धूर म्हणजे डांबर जळाले, ढिगातून वाफ व बुडबुडे म्हणजे खडी ओली होती, ढीग ताठ उभा राहून खडी अर्धी उघडी दिसली तर मिश्रण थंड आहे. ताडपत्री न टाकता घाटातून आलेल्या टिप्परच्या वरच्या थराची कवचे होतात. ती फोडून आत मिसळण्यापेक्षा बाजूला टाकावीत.

पंजा मारणाऱ्याचे कौशल्य टोळीत सर्वांत मोलाचे. मिश्रण फावड्याने लांबून भिरकावले तर मोठी खडी पुढे घरंगळते, बारीक मागे राहते व तो भाग वर्षभरात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसू लागतो. फावडे जमिनीजवळ आणून उपडे करायचे, मग पंज्याच्या पाठीने ओढायचे. पेव्हरखाली सुट्या थराची जाडी पक्क्या जाडीपेक्षा सु. पाचवा ते चौथा हिस्सा अधिक धरतात. हाताने पसरलेला थर अधिक दबतो, म्हणून आणखी थोडी. जुन्या कामाचा सांधा उभा कापून त्याला इमल्शन लावल्याशिवाय नवे मिश्रण लावू नये. तिरकी, थंड कड तशीच ठेवल्यास पाणी तेथूनच शिरते. रोलर ताशी ५ किमी. हून हळू, चाके जेमतेम ओली. गरम थरावर तो थांबवला की खळगा पडतो. अवजारे स्वच्छ करायला डिझेल वापरतात. त्याचे थेंब थरावर पडले तर डांबर विरघळून तेथेच खड्डा धरतो.

खड्डे : खड्डा चौकोनी, उभ्या कडांचा व घट्ट थर लागेपर्यंत कापावा, कोरडा करून तळ व कडांना इमल्शन लावावे, खोल असल्यास दोन थरांत भरून दाबावा व शेवटी आजूबाजूपेक्षा ५ ते १० मिमी. वर ठेवावा. पावसाळ्यात थंड मिश्रण वापरतात. नुसती चिऱ्याची खापरे व मुरूम टाकल्यास दोन दिवसांत तांबडा चिखल उरतो. जलवाहिनी व मलनिःसारणाचे चर दर १५० मिमी. ला धुम्मस न करता (ठोकून न दाबता) भरले, की पहिल्या पावसात ते रस्त्याच्या लांबीभर खचतात. साईडपट्टीवर गवत व माती साचून ती रस्त्याहून उंच झाली तर पाणी डांबरावरच तुंबते. मेमध्ये ती खरवडणे हे स्वस्तातले पण सर्वाधिक दुर्लक्षित काम.

टोळी व मजुरी : कामगार मोठ्या प्रमाणावर उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांतून येतात, त्यांत लमाणी कुटुंबे पुष्कळ. यंत्रांवरील टोळ्यांत उत्तर व पूर्व भारतातील पुरुष अधिक. मुकादम हंगामाआधी उचल देऊन टोळी बांधतो, आठवड्याला खर्ची देतो व हजेरीवरून शेवटी हिशेब करतो. उचल फिटली की नाही यावर बहुतेक तंटे होतात. स्त्रियांकडे झाडणी, पाणी मारणे व घमेली वाहणे असते. ही कामे वर सांगितल्याप्रमाणे थराच्या आयुष्याशी निगडित असूनही त्यांची गणना सर्वांत खालच्या श्रेणीत होते, हे न्याय्य नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस काम केलेल्यांना कल्याण मंडळात नोंदणीचा हक्क दिला. हंगामाला गाव बदलणाऱ्यांना त्या दिवसांचा दाखला मिळवणे अवघड जाते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा समाविष्ट केला आहे.

धोके : डांबर तापवताना पिंपात पाणी शिरलेले असेल तर ते फेसाळून उसळते. भाजल्यास त्वरित गार पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावे. कातडीला चिकटलेले डांबर ओढून काढू नये, ते डॉक्टरांवर सोपवावे. रस्त्याच्या कामातील डांबराच्या वाफांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये ‘संभाव्य कर्कजनक’ गटात ठेवले आहे. मिश्रणाचे तापमान कमी ठेवल्यास वाफ घटते. एप्रिल-मेमध्ये दमट हवा, ऊन व पायाखाली १४०° से. चा थर यांमुळे उष्माघाताचा धोका मोठा. रबरी चपलांवर हे काम करू नये, जाड तळाचे बूट हवेत.

पेव्हर ब्लॉक : पदपथांसाठी ६० मिमी., वाहने जाणाऱ्या जागी ८० मिमी. जाडीचे ठोकळे. खाली २० ते ४० मिमी. वाळूचा सारखा थर, सांध्यांत बारीक कोरडी वाळू, मग प्लेट कंपकाने दाब. कडेचा दगड काँक्रीटमध्ये आधी बसवावा; नंतर बसवल्यास ठोकळे बाहेर सरकून सांधे उघडतात व वाळू पावसात वाहून जाते.