एका आयतीने किती आयती रद्द झाल्या? इस्लामी युद्धनीतीची पार्श्वभूमी

कुराणात युद्धाविषयी एकच एक आज्ञा नाही. बदलत्या परिस्थितीत उतरलेल्या अनेक आयती (कुराणातील वचने) आहेत आणि त्यांतील कायमची कोणती व प्रसंगापुरती कोणती, या प्रश्नाभोवतीच इस्लामी युद्धनीतीचा बराचसा इतिहास फिरत आला आहे. मक्केत पैगंबर मुहम्मदांच्या अनुयायांना सोसण्याचाच आदेश होता. इ.स. 622च्या हिजरतीनंतर, म्हणजे मदिनेला केलेल्या स्थलांतरानंतर, घरादारातून हुसकावलेल्यांना लढण्याची मुभा मिळाली (22:39-40, म्हणजे 22व्या अध्यायातील 39-40 या आयती). मग ‘जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका’ अशी आज्ञा आली (2:190). आणि 631च्या सुमारास मूर्तिपूजकांना दिसतील तेथे मारण्यास सांगणारी आयत आली (9:5). हिला भाष्यकार ‘तलवारीची आयत’ म्हणतात, मात्र तलवार हा शब्द तिच्यातच काय, अख्ख्या कुराणातही नाही.

नंतरची आयत आधीच्या आयतीचा हुकूम रद्द करते, या तत्त्वाला ‘नस्ख’ म्हणतात. या तत्त्वाच्या बळावर अंदलुसी (मुस्लिम स्पेनमधील) काजी इब्न अल-अरबी (मृत्यू 1148) यांनी तलवारीच्या या एकाच आयतीने 124 आयती रद्द झाल्याचे सांगितले. साम्राज्य विस्तारत असताना रचल्या गेलेल्या कायद्याला असे वाचन सोयीचे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही ते सर्वमान्य कधीच नव्हते. कुराणाचे भाष्यकार तबरी (मृत्यू 923) यांनी 2:190 रद्द झाल्याचे मानले नाही. ‘मर्यादा ओलांडू नका’ म्हणजे स्त्रिया आणि मुले यांना मारू नका, हा अर्थ त्यांनी उचलून धरला. सीरियाकडे निघालेल्या सैन्याला पहिले खलिफा अबू बकर यांनी केलेला उपदेशही याच वळणाचा आहे: म्हाताऱ्यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, खाण्यापुरते सोडून मेंढी किंवा उंट कापू नका.

तलवारीच्या आयतीच्या (9:5) शेजारच्या ओळी वाचल्या की वादाचे मूळ उमगते. चौथी आयत सांगते की, ज्या मूर्तिपूजकांनी तह पाळला त्यांच्याशी केलेला तह मुदतीपर्यंत निभवा. सहावी सांगते की, त्यांच्यापैकी कोणी आसरा मागितला तर द्या आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवा. मधली आयत एकटी उचलली तर सार्वत्रिक हुकूम दिसतो. तिघी एकत्र वाचल्या तर तहभंग करणाऱ्यांवरील कारवाई दिसते.

पुढे रद्द आयतींची एकूण यादीच आक्रसत गेली. इजिप्तचे विद्वान सुयूती (मृत्यू 1505) यांनी ती विसेकावर आणली, दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (1703-1762) यांनी पाचावर. त्या पाचांतली युद्धाविषयीची आयत एकच, आणि तीही संख्याबळाची: वीस जणांनी दोनशेंना तोंड द्यावे ही अपेक्षा (8:65) लगेचच शंभरांनी दोनशेंना, अशी सैल झाली. मात्र कमी नस्ख मानणारा युद्धविरोधी असतोच असे नाही. अहमदशहा अब्दालीला मराठ्यांविरुद्ध पाचारण करणारी पत्रे याच वलीउल्लाहांच्या नावावर आहेत.

विसाव्या शतकात कैरोच्या अझहर या धर्मविद्यापीठाचे महमूद शल्तूत यांनी युद्धविषयक आयती एकत्र ठेवून, त्या परस्परविरोधी नसल्याने नस्खची गरजच उरत नाही, अशी मांडणी केली. उलट, 1981मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांची हत्या करणाऱ्या गटाचा विचारवंत फरज याने रद्द आयतींचा जुना मोठा आकडा पुन्हा पुढे केला. त्याला इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती (धर्मनिर्णय देणारे अधिकारी) जाद अल-हक यांनी दिलेले उत्तर असे होते की, तलवारीची आयत मुसलमानांशी तह नसलेल्या अरबी मूर्तिपूजकांविषयी आहे.