जखम उघडी ठेवली की लवकर भरते?

‘जखमेला वारा लागू द्या, खपली धरली की लवकर भरते,’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. खपली दिसली की बरं होतंय असं वाटतं, त्यामुळे हा समज रुजणं साहजिकच आहे.

पण कातडी भरते ती कडेच्या पेशी सरपटत मध्यावर आल्यामुळे. पेशी पुढची कड टेकवते, पकड घेते, मागची सोडते. अळीच म्हणा ना! ही पकड-सोड सांभाळणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे फोकल अ‍ॅडहिजन कायनेज. ते चेतवणाऱ्या रसायनांनी उंदरांच्या आतड्यातल्या जखमा लवकर भरल्याचंही दिसलंय. औषधाच्या दुकानात मात्र ती मागू नका, अजून प्रयोगशाळेतच आहेत.

सरपटायला ओल लागते. कोरड्या खपलीखाली पेशींना वाट खोल शोधावी लागते. 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात पातळ प्लॅस्टिकखाली झाकलेल्या उथळ जखमांवर उघड्या जखमांच्या साधारण दुप्पट वेगाने नवी कातडी आली.

पडताळायचंय? गुडघा दोन जागी सारखाच खरचटला, तर दोन्ही जागा स्वच्छ धुवा. एकीवर व्हॅसलीन लावून पट्टी बांधा, रोज बदला. दुसरी तशीच ठेवा. खोल जखम, चावा किंवा मधुमेह्याच्या पायाची जखम असेल तर हा खेळ नको, थेट डॉक्टर गाठा.