अॅल्युमिनियमच्या भट्टीत कोळसा जळत नाही

अॅल्युमिनियम कारखान्याशेजारी कोळशावरचे वीजकेंद्र दिसले की, लोखंडासारखेच हे धातुकही कोळशाच्या आचेवर वितळवतात, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. वीजकेंद्रातून इथे येते ती वीज, आच नव्हे.

बॉक्साइट या धातुकापासून मिळणारे अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचे संयुग, सुमारे २०७० अंश सेल्सिअसला वितळते. १८८६ मध्ये अमेरिकेचे हॉल आणि फ्रान्सचे एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीत ते वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवतात. मग साधारण ९६० अंशांवरच काम भागते, आणि तेवढे तापमानही त्यातून वाहणारी वीजच राखते. हाच प्रवाह अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन वेगळे करतो. एक किलो अॅल्युमिनियमला सुमारे १४ युनिट वीज लागते! शिवाय काही तास वीज गेली तर भट्टीच्या कुंडातला रस थिजतो, म्हणून अखंड पुरवठ्यासाठी स्वतःचे केंद्र.

कुंडात कार्बनचे अॅनोड (वीज आत नेणारे धनाग्र) झिजतात हे खरे, पण ते मुख्यतः पेट्रोलियम कोकचे, म्हणजे तेलशुद्धीकरणात उरणाऱ्या कार्बनचे असतात. वीज कोळशाचीच हवी, असेही नाही. नॉर्वे आणि आइसलँडमध्ये हाच धातू प्रामुख्याने जलविद्युतेवर तयार होतो. म्हणून कोळशाच्या धुराला ‘धातूची अपरिहार्य किंमत’ म्हणणे मला अजिबात पटत नाही.