ताप आला म्हणजे लस बाधली?

“पहिल्या डोसाला मांडी सुजली, रात्रभर ताप. चांगल्या बाळाला रोग टोचला!” सोलापुरात विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एका आईने दुसरा डोस नाकारला. तिच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं. मजुरी विड्या मोजून मिळते. बाळ किरकिरलं की दिवस बुडाला. तिला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ताप तिने डोळ्यांनी पाहिलाय, घटसर्प पाहिलेला नाही.

पण रोग टोचला, हे खरं नाही. 6, 10 आणि 14 आठवड्यांना देतात ती पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी (यकृताची कावीळ) आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) यांच्यावरची. तिच्यात एकही जिवंत जंतू नसतो. डांग्या खोकल्याचे मात्र मेलेले अख्खे जंतू असतात. ताप मुख्यतः त्यांच्यामुळे येतो, कारण शरीर त्यांना ओळखून तयारीला लागतं. बहुधा एक-दोन दिवसांत तो उतरतो. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते नर्सताईंना विचारा. सूज चोळू नका, गार पाण्याची घडी ठेवा. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला, बाळ दूध पिईना किंवा झटका आला, तर लगेच दवाखाना गाठा.