ऑलिंपियाकोस फुटबॉल क्लब : २०२३–२४ हंगाम

ग्रीसमधील पिरेयस बंदरातील या लाल-पांढऱ्या क्लबने (स्थापना १९२५) २९ मे २०२४ रोजी यूएफा युरोपा कॉन्फरन्स लीग, म्हणजे चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग यांच्या खालची तिसरी युरोपीय क्लब स्पर्धा, जिंकली. ग्रीक क्लबला मिळालेला हा पहिला मोठा युरोपीय चषक. यापूर्वी १९७१ मध्ये पनाथिनाइकोसने युरोपियन कपची (आजची चॅम्पियन्स लीग) अंतिम फेरी गाठली होती, पण वेम्ब्लीवर आयाक्सने त्यांना २–० ने हरवले. गंमत अशी, की ज्या हंगामात हा चषक आला तो देशांतर्गत पातळीवर फसलेलाच होता.

ग्रीक सुपर लीगमध्ये तेव्हा १४ संघ २६ फेऱ्या खेळत, त्यानंतर पहिल्या सहांमध्ये आणखी १० फेऱ्या होत. त्या हंगामात आधीचे गुण जसेच्या तसे पुढे जात. त्यामुळे हिवाळ्यात गमावलेले गुण वसंतात भरून काढणे अवघड होते. पाओक विजेता, एईके उपविजेता आणि ऑलिंपियाकोस तिसरा राहिला. ग्रीक चषकही पनाथिनाइकोसने नेला. ऑक्टोबरमध्ये पनाथिनाइकोसविरुद्धचा घरचा सामना प्रेक्षकांतून आलेल्या फटाक्यामुळे पाहुण्यांचा खेळाडू जखमी झाल्याने दुसऱ्या सत्रात थांबवावा लागला. डिसेंबरमध्ये एका व्हॉलीबॉल सामन्याबाहेरच्या हिंसाचारात पोलीस गंभीर जखमी झाल्यावर सरकारने लीगचे सामने सुमारे दोन महिने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवले.

प्रशिक्षकही तीन झाले. दिएगो मार्तिनेझ डिसेंबरच्या सुरुवातीला गेले, कार्लोस कार्व्हाल्याल फेब्रुवारीपर्यंत टिकले आणि मग होसे लुईस मेंदिलिबार आले. मे २०२३ मध्ये सेव्हियाला युरोपा लीग जिंकून देणारे, पण ऑक्टोबरमध्ये तिथूनच काढले गेलेले हे प्रशिक्षक. त्यांचा खेळ सरळसोट: पुढे जाऊन दबाव टाकायचा, चेंडू लवकर कडेला काढायचा आणि गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये क्रॉस द्यायचा. मोरोक्कोचा आघाडीपटू अयूब अल काबी याला तो नेमका मानवला.

युरोपमध्ये सुरुवात युरोपा लीगच्या पात्रता फेऱ्यांपासून झाली. गेंक आणि चुकारिचकी यांना हरवून क्लब ‘अ’ गटात पोहोचला. तिथे वेस्ट हॅमला घरी २–१ हरवले, पण फ्रायबुर्गमध्ये ०–५ असा धुव्वा उडाला. सर्बियातील बाच्का तोपोला येथे तिथल्या टीएससी संघाशी २–२ बरोबरी झाली, परतीचा सामना ५–२ जिंकला. सहा सामन्यांत ७ गुण, तिसरे स्थान. तेव्हाच्या नियमानुसार तिसऱ्या संघाला कॉन्फरन्स लीगच्या बाद फेरीत उतरता येई. हीच पळवाट कामी आली.

हंगेरीच्या फेरेन्सवारोशविरुद्ध दोन्ही सामने १–० असे जिंकले. मॅकाबी तेल अवीवविरुद्ध मात्र घरीच १–४ अशी नाचक्की झाली. परतीचा सामना तटस्थ मैदानावर, म्हणजे पुन्हा त्याच बाच्का तोपोलात होता. ९० मिनिटांत ४–१ करून एकूण ५–५ बरोबरी साधली आणि जादा वेळेत आणखी दोन गोल केले.

उपांत्यपूर्व फेरीत फेनरबाचेविरुद्ध घरी ३–० ची आघाडी ३–२ वर आली आणि इस्तंबूलमध्ये ०–१ हार झाली. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलाला जास्त वजन देणारा नियम यूएफाने २०२१ मध्ये रद्द केला नसता, तर ऑलिंपियाकोस इथेच बाहेर पडला असता. पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक कॉन्स्टँटिनोस त्सोलाकिसने तीन फटके अडवले, त्यांतला शेवटचा फेनरबाचेच्या बोनुचीचा. ऑलिंपियाकोस ३–२ ने पुढे गेला.

उपांत्य फेरीत इंग्लंडच्या अॅस्टन व्हिलाचे पारडे जड मानले जात होते. बर्मिंगहॅममध्ये अल काबीने हॅटट्रिक केली आणि सामना ४–२ जिंकला. व्हिलाचा बचाव आपल्या गोलपासून बराच पुढे उभा राहत असल्याने त्यामागची मोकळी जागा त्यांना महाग पडली, शिवाय त्यांनी एक पेनल्टीही वाया घालवली. पिरेयसमध्ये २–०, दोन्ही गोल पुन्हा अल काबीचे.

अंतिम सामना अथेन्समध्ये, पण कट्टर प्रतिस्पर्धी एईकेच्या मैदानावर झाला. समोर फायोरेंटिना, आदल्या वर्षी याच स्पर्धेची अंतिम लढत वेस्ट हॅमकडून हरलेला संघ. सामना बराचसा रटाळ होता, संधी कमी, चुका जास्त. ११६व्या मिनिटाला सांतियागो एझेच्या क्रॉसवर अल काबीने वाकून हेडर मारला. ऑफसाइडसाठी व्हीएआर (व्हिडिओ पंच) तपासणी लांबली, मग गोल कायम झाला: १–०. बाद फेऱ्यांतला हा त्याचा ११वा गोल.

एप्रिलमध्ये क्लबच्या १९ वर्षांखालील संघाने न्योन येथे मिलानला ३–० हरवून यूएफा यूथ लीगही जिंकली होती. लीगमधल्या तिसऱ्या स्थानावर क्लबला पुढच्या वर्षी कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेऱ्या खेळाव्या लागल्या असत्या. विजेतेपदामुळे युरोपा लीगच्या मुख्य फेरीत थेट जागा मिळाली. २०२४–२५ पासून युरोपा लीगमधून खालच्या स्पर्धेत उतरण्याची सोयच बंद झाली. मेंदिलिबार राहिले आणि त्या हंगामात क्लबने लीग व ग्रीक चषक दोन्ही जिंकले.