सॅमन फ्लाय, रानकोंबडा आणि पिसं सांधण्याची कला

इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटरानात पहाटे तुटक आवाजात आरवणारा राखाडी रानकोंबडा नाशिकच्या पक्षीनिरीक्षकांच्या चांगल्या ओळखीचा. त्याच्या मानेवरच्या पिसांना एकेकाळी स्कॉटलंडच्या नद्यांवर केवढी मागणी होती, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितलं जातं. या प्रत्येक पिसाच्या टोकाशी पिवळ्या-पांढऱ्या रंगाची, मेणासारखी चकचकीत टिकली असते. पाण्यात ओली झाली तरी ती चमकते आणि माशाच्या डोळ्यासारखी दिसते. ‘जंगल कॉक’ या नावाने ही पिसं सॅमन फ्लायच्या दोन्ही बाजूंना बसवली जात.

सॅमन फ्लाय म्हणजे सॅमन हा मासा धरण्यासाठी गळावर पिसं, रेशीम आणि जर बांधून केलेलं आमिष. गळाने मासे धरण्यावरचं 1496 सालचं एक इंग्रजी पुस्तक लोकर आणि साध्या पिसांच्या फ्लाय सांगतं. भडक रंगांची आवड एकोणिसाव्या शतकात वाढली आणि तिचं मूळ बरंचसं आयर्लंडमध्ये आहे. तिथला विल्यम ब्लॅकर लंडनच्या सोहो भागात फ्लाय बांधून विकायचा. या कलेवरचं त्याचं पुस्तक 1842 मध्ये निघालं. पुढे रेल्वेने श्रीमंतांना स्कॉटलंडच्या नद्यांपर्यंत नेलं आणि जहाजांनी जगभरची पिसं लंडनच्या बाजारात आणली: चीनचा सोनेरी फेझंट, दक्षिण अमेरिकेतले टूकन, मकाव आणि निळे कोटिंगा, माळढोकाच्या कुळातले पक्षी, आणि हिंदुस्थानातून मोर व रानकोंबडा.

शतकाच्या मध्याला आलेली ‘जॉक स्कॉट’ ही फ्लाय पाहिली की या हौसेचा अंदाज येतो. अंगाचा मागचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, पुढचा काळ्या, दोन्हींवर चांदीच्या जरीचे वेढे. येवल्याच्या पैठणीच्या मागावर बसणाऱ्याला यातलं रेशीम आणि जर लगेच कळेल. वर टूकन, फेझंट, मोर, मकाव अशी पिसं, आणि गालाशी आपला रानकोंबडा. जॉर्ज केल्सन या इंग्रज फ्लायकाराने सॅमन फ्लायवरच्या 1895 च्या ग्रंथात अशा शेकडो कृती बारकाईने नोंदवल्या. खरं तर अंडी घालायला नदीत शिरलेला सॅमन खाणं जवळजवळ सोडून देतो. तो फ्लायवर झडप का घालतो, यावर आजही एकमत नाही. त्यामुळे एवढा थाट माशापेक्षा बांधणाऱ्याच्या अभिमानासाठी होता, असं माझं मत आहे.

पण हातातलं कसब अस्सल होतं. पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात. वेगवेगळ्या पिसांच्या चार-पाच तंतूंच्या पट्ट्या शेजारी ठेवून बोटाने हलकेच चोळल्या की पिशवीची चेन लागावी तशा त्या एकमेकींत अडकतात आणि बहुरंगी पंख तयार होतो. डाव्या पंखाला पिसाच्या डाव्या बाजूच्याच पट्ट्या लागतात, उजव्याला उजव्या. अदलाबदल केली तर पंख बसत नाही. केल्सनच्या काळात कित्येक कारागीर पकडीशिवाय, गळ नुसता चिमटीत धरून, मेण लावलेल्या रेशमी धाग्याने हे सगळं बांधत.

पिसांचा खरा मोठा खप बायकांच्या टोप्यांसाठी होता. फ्लाय बांधणाऱ्यांचा वाटा त्यामानाने लहान. टोप्यांसाठी चाललेल्या कत्तलीविरुद्ध 1889 मध्ये मँचेस्टरजवळ काही स्त्रिया एकत्र आल्या. आज ब्रिटनमधली पक्षीरक्षणाची सर्वांत मोठी असलेली संस्था त्यातूनच उभी राहिली. हिंदुस्थान सरकारने 1902 मध्ये पिसं आणि पक्ष्यांची कातडी बाहेर पाठवण्यावर बंदी घातली, ब्रिटनने 1921 मध्ये आयातीवर कायदा केला, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला इथेच कवच मिळालं.

पिसं दुर्मीळ झाली तशी दुरुस्तीची किंमत वाढली. रानकोंबड्याची टिकली उभी चिरते, हा तिचा जुना दोष. चिरलेल्या टिकलीला मागून पातळ व्हार्निश किंवा गोंदाचा सूक्ष्म थेंब लावून ती चिमटीत दाबून धरतात, कधी पाठीमागे दुसऱ्या छोट्या पिसाचा आधार देतात. वाकडं झालेलं पीस किटलीच्या वाफेवर धरलं की सरळ होतं. पिसं सांधण्याची विद्या याहून कितीतरी जुनी आहे. ससाण्याचं मोडलेलं उड्डाणपीस कापून उरलेल्या पोकळ दांडीत बारीक काडी घालायची आणि तिच्यावर गळून पडलेलं जुनं पीस बसवायचं, ही रीत तेराव्या शतकात पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या ग्रंथात आली आहे. मांजाने मोडलेल्या पिसांच्या घारींवर आज हाच उपाय होतो. संक्रांतीच्या नाशिक-येवल्यात तो जाणणारे हात जितके असतील तितके थोडेच.

जुन्या कृतींचा मोह मात्र संपला नाही. जून 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, ती फ्लाय बांधणाऱ्यांना पिसं विकण्यासाठी. त्यात एकोणिसाव्या शतकातला निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेले नमुनेही होते. अनेक कातड्यांना बांधलेल्या नोंदींच्या चिठ्ठ्या कापून टाकलेल्या होत्या, त्यामुळे पक्षी कुठे आणि कधी मिळाला ही माहिती कायमची गेली. मला पिसांपेक्षा त्या चिठ्ठ्यांचं दुःख अधिक वाटतं.

नाशिकमध्ये कुणाला ही कला हाती घ्यायची असेल तर रानकोंबड्याचं पीस जंगलातून आणू नये. तो गुन्हा आहे. पाळीव कोंबडा, बदक आणि टर्कीची रंगवलेली पिसं, गिनी फाउलची ठिपकेदार पिसं आणि येवल्याचं रेशीम-जर यांवर पट्ट्या जोडण्यापासून टिकली सांधण्यापर्यंत बहुतेक सगळा सराव होतो.